बिनकेसांचा ग्लॅम मेटलवाला

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ऑर्केस्ट्रात गात नाही. भजनी मंडळात गात नाही, धुमाल पार्टीत गात नाही. आणि ज्या वर्गमित्राने पांढुर्ण्याच्या भर बाजारात "हा आपला गज्जू, खडी गंमतीत बाईचं काम करते" अशी माझी ओळख करून दिली, त्याच्या माहितीसाठी सांगतो, तमाशात लुगडं नेसून नाचणं, तेही करत नाही. मी ग्लॅम मेटल गातो. तीस वर्षं झाली, तेच गातो. संपादकांनी फोनवर "तुमच्या त्या डिस्कोच्या अनुभवांवर काहीतरी लिहा" म्हटलं, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण दिवाळी अंक आपल्या सौंसरचा, संपादक माझ्या बहिणीचे दीर. नाही कसं म्हणणार?

तर लिहितो. अट एकच, फोटो छापायचा असेल तर जुना छापा. कारण यंदा माझे केस गेले. कमरेपर्यंत होते. ज्या एका कार्यक्रमाची मी अर्धं आयुष्य वाट पाहिली, नेमके त्याच्या तोंडावर गेले. ते कसे गेले तेच सांगायचं आहे. पण त्याआधी माझा धंदा समजून घ्या, नाहीतर तुम्हीही म्हणाल, "केसच ते, पुन्हा येतील." हे वाक्य सध्या मला ऐकवत नाही.

ग्लॅम मेटल म्हणजे परदेशातून आलेलं, कानठळ्या बसवणारं, पण आतून अगदी प्रेमळ गाणं. गिटार मोठ्यानं, ड्रम त्याहून मोठ्यानं, आणि गाणारा पुरुष असूनही नटलेला. डोळ्यांत काजळ, ओठांवर लाली, चमचमती घट्ट विजार, गळ्यात दोन-चार ओढण्या, आणि डोक्यावर वावटळीत सापडल्यासारखे केस. गाण्यातली मुलगी रुसलेली असते किंवा सोडून गेलेली असते, आणि गायक तिला वरच्या पट्टीत बोलावत असतो. बस, एवढंच. यात सैतान नाही, नशापाणी नाही. आमचा गिटारवाला महेंद्र तर चहाही बिनसाखरेचा पितो. न समजण्यासारखं यात काय आहे, ते मला आजवर समजलेलं नाही.

नागपूरला शिकायला होतो तेव्हा खोलीवरच्या मुलाकडे अशा गाण्यांची एक कॅसेट होती. बी.कॉम. राहिलं, कॅसेट पाठ झाली. परत आलो तेव्हा लोधीखेड्याचा महेंद्र भेटला. तो बुद्धविहारातल्या कार्यक्रमांत गिटार वाजवायचा आणि त्याला मोठ्यानं वाजवायची हौस होती, पण कोणी वाजवू देत नव्हतं. ड्रमवर बबलू. तो वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीतून आमच्याकडे आला, कारण तिथे उन्हात चालत वाजवावं लागायचं आणि आमच्याकडे बसून. कलेसाठी कोण कुठून येईल सांगता येत नाही. बँडचं नाव ठेवलं 'लिपस्टिक टायगर्स'. वाघ पेंचच्या जंगलातले, लिपस्टिक माझी.

आणि हे सगळं कुठे? जिथे नागपूरवाले आम्हाला एमपीवाले म्हणतात आणि भोपाळवाले महाराष्ट्रवाले, तिथे. स्टेजवर निवेदक हिंदीत बोलतो, समोरचे लोक मराठीत हसतात, आणि मी मधे उभा. पोटासाठी माझं माईक-भोंगे भाड्यानं देण्याचं दुकान आहे. कित्येकदा असं झालं, की माईक माझा, भोंगे माझे, स्टेज माझ्या वायरींवर उभं, आणि आयोजक मलाच सांगतो, "गज्जूभाऊ, तुमचं दोन गाण्यांत आटपा, मग डीजे लावायचा हाय."

आता गळ्याबद्दल. लोकांना वाटतं मी ओरडतो. ओरडणारा माणूस दुसऱ्या दिवशी बोलू शकत नाही, मी बोलतो. किंचाळी घशातून काढायची नसते. जोर पोटाचा, घसा मोकळा, जबडा सैल, आणि आवाज डोक्याच्या टाळूतून निघाल्यासारखा वर सोडून द्यायचा. रियाज लागतो. मी रोज सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत अंगावर रजई घेऊन रियाज करतो. मे महिन्यातही रजईच, कारण शेजारच्या घरात नवीन सून आली तेव्हा पहिल्याच दिवशी ती घाबरून माहेरी गेली होती.

केसांचं शास्त्र वेगळंच. परदेशात केस उभे ठेवायला फवारे मिळतात. आमच्या सुरुवातीच्या काळात पांढुर्ण्यात कुठले फवारे? मी साखरेचं पाणी लावून पाहिलं. संत्र्याच्या फुलोऱ्याचे दिवस, हवा नुसती गोड, आणि मधमाश्यांना फुलांपेक्षा मी बरा वाटलो. मग माय सुती लुगड्याला कांजी करायची, तीच मागून घेतली. कांजीनं केस असे ताठ होतात की टोपी घातली तर वरच्या वर तरंगते. फक्त घाम आला की ती विरघळून डोळ्यांत उतरते. माझ्या भावपूर्ण गाण्यांवर रडणारा गायक म्हणून जी थोडीफार कीर्ती आहे, ती कांजीची आहे.

हे केस मला मायकडून मिळाले. बाबूजींच्या डोक्यावर मी एकही केस पाहिलेला नाही. बाबूजी संत्रा मंडीत पेट्या ठोकायचे. हंगामात दिवसभर फळ्या, खिळे, हातोडी. तोंडात खिळे धरलेले असल्यामुळे बोलणं कमी. घरी आले की खिळे काढून जे पहिलं वाक्य बोलायचे ते माझ्यासाठी राखलेलं असायचं.

"केस काप."

"बाबूजी, हा माहा धंदा हाय."

"धंदा हातानं होते बे. डोक्शावर जंगल ठेवून कोनता धंदा होते?"

यावर मी काही बोललो की ते पुन्हा पेट्यांकडे जायचे. अशी आमची बोलणी वर्षानुवर्षं झाली, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझ्या लग्नाची स्थळंही केसांवरच अडली. मुलीचा बाप दारातून मला पाहायचा आणि घर चुकलं असं सांगून निघून जायचा. दरवेळी बाबूजी माझ्याकडे असे पाहायचे की जणू पंचनामा चालू आहे. माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. मंडीसमोरच्या मैदानात कार्यक्रम होता तेव्हा ते पाठ करून पेट्या ठोकत बसले होते, आणि बबलूचा ठेका बिघडला की ती हातोडी त्याला सावरून घ्यायची, हे बबलूनंच मला नंतर सांगितलं. हा मात्र त्यांचा हेतू नव्हता.

आता गिऱ्हाइकं. मोहगावला नवरात्रात बोलावलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांना कोणीतरी "आवाज खणखणीत आहे" एवढंच सांगितलेलं. आरती झाल्यावर आम्ही उभे राहिलो. आमच्या गाण्यात गिटारचा लांबलचक तुकडा येतो, तेवढा वेळ गायक रिकामा असतो. रिकाम्या गायकानं करायचं काय? तर केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवायची. ही सगळ्या जगाची रीत आहे. मी डोळे मिटून फिरवत होतो. हळूहळू लक्षात आलं की ड्रम थांबलाय, गिटार थांबलीय. डोळे उघडले. समोर बायका हात जोडून उभ्या, एक म्हातारी माझ्या बुटांवर पाणी घालतेय, आणि अध्यक्षांच्या हातात नारळ.

"माय, तू कोन्त्या ठिकानची?" अध्यक्षांनी मला अगदी नम्रपणे विचारलं.

"मी पांढुर्ण्याचा गजानन," मी म्हणालो.

"सांगून नाई राहिली," मागून कोणीतरी बोललं. "लिंबू आना."

मी महेंद्रकडे पाहिलं. तो गिटार पाठीमागे धरून मान खाली घालून उभा होता. त्याच्या घरी हे काही मानत नाहीत, त्यामुळे त्याला हसू आवरत नव्हतं. माझ्या कपाळाला हळद-कुंकू लागलं. एक बाई पदर पसरून पुढे आली. "माही म्हैस हरपली वं माय. कुठी हाय, सांग न."

माझा तोल गेला. "मले काय मालूम! असंन तिकडे नाल्याकडे!" मी किंचाळलो, तेही शास्त्रशुद्ध, पोटातून.

दुर्दैवानं म्हैस नाल्याकडेच सापडली. तेव्हापासून मोहगावहून मला गाण्यासाठी एकदाही बोलावणं आलं नाही, पण हरवलेल्या गुरांबद्दल फोन अजून येतात. गावातल्या दुसऱ्या गटाचं मत वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, ही देवी नाही, भलतंच काही आहे, याला भूत उतरवायला जामसावळीला नेऊन हनुमानजीपुढे बसवा. दोन्ही गटांना मी हात जोडून सांगितलं की हे गाणं आहे. दोन्ही गटांनी मान डोलावली आणि आपापसात पुन्हा चर्चा सुरू केली.

सौंसरच्या एका लग्नात वधूपिता म्हणाले, मंगलाष्टकंही तुमच्याच पद्धतीनं म्हणा, काहीतरी वेगळं पाहिजे. नको, असं मी हरप्रकारे सांगून पाहिलं. शेवटी म्हटली. पहिल्याच "सावधान"ला मी जो सूर लावला, त्याला मांडवाबाहेर बांधलेला नवरदेवाचा घोडा सावध झाला आणि दावं तोडून लोधीखेड्याच्या रस्त्याला लागला. त्याच्यामागे घोडेवाला, त्याच्यामागे अर्धी वरात. अक्षता लोकांनी पळता पळताच टाकल्या. वधूपिता मला म्हणाले, "आवाज चांगला हाय, पन घोड्याले नाई जमला." जणू मी घोड्यासाठी गात होतो.

पण माझ्या आवाजाची खरी कदर केली ती एका बागाईतदारानं. सौंसरजवळ त्यांची संत्र्याची बाग, आणि बागेत रानडुकरांचा उच्छाद. फटाके झाले, साड्यांचं कुंपण झालं, डुकरं ऐकेनात. ते थेट दुकानात आले.

"गज्जूभौ, तुमची ते किंकाळी हाय ना, ते भरून द्या यात." त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"कोणत्या गाण्यातली?"

"गानं नको. नुसती किंकाळी."

मी त्यांना कलेबद्दल बरंच काही सुनावलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हो, बराबर हाय. द्या आता भरून." मी दिली. त्यांनी ती बॅटरीच्या भोंग्यावर लावून बागेत टांगली, आणि डुकरांनी ती बाग सोडली. मग शेजारच्या बागेनं मागितली, मग पलीकडच्या. आमच्या बँडची एकही कॅसेट निघाली नाही, सीडी निघाली नाही. पण या तालुक्यात संध्याकाळी कोणत्याही रस्त्यानं निघा, कुठल्यातरी बागेतून मी किंचाळत असतो. माझं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं काम हे आहे, आणि ऐकणारी डुकरं आहेत.

एकदा बाबूजी सौंसरला सोयऱ्याकडे गेले होते. परत आले, हातपाय धुतले, आणि पहिलं वाक्य चुकीचं बोलले. म्हणजे केसांबद्दल बोललेच नाहीत.

"तुहा आवाज ऐकला, बगीच्यात."

"मग?"

"मग काय. डुकरं पळून राहिले." हात पुसता पुसता म्हणाले, "फळाले हात नाई लावला एकानं."

बाबूजींकडून मला मिळालेली दाद ती एवढीच. मी ती जपून ठेवली आहे, हसायचं असेल तर हसा.

गेल्या काही वर्षांत त्यांची नजर गेली. आधी काचबिंदू म्हणाले, मग औषधं, मग नागपूरच्या चकरा, आणि शेवटी नुसता अंधार. मंडी बंद, हातोडी बंद. दिवसभर ओसरीवरच्या खाटेवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोन?" विचारायचे. ऐकूही कमी येत होतं, त्यामुळे उत्तराचा उपयोग नसायचा. मग ते हात पुढे करायचे. माझा हात हातात घेऊन चाचपायचे, शंका यायची, आणि मग हात वर नेऊन माझे केस पकडायचे.

"हं. तू हायस."

पुढे पुढे हात चाचपणंही सोडून दिलं, थेट केसांनाच हात. जेवताना एका हातात घास, एका हातात माझी बट. पाणी पाहिजे असलं की देवळातली घंटा वाजवावी तशी ओढायचे. मी कळवळायचो. ज्या केसांपायी या माणसानं माझं तारुण्य नासवलं, तेच आता दोरीसारखे धरून बसला होता, आणि अधूनमधून सवयीनं म्हणायचाही, "काप बे हे."

"कापतो. मग मले ओळखसान कसं?" मी त्यांच्या कानाशी ओरडायचो.

यावर ते बट आणखी घट्ट धरायचे.

अशात नागपूरहून निखिल नावाच्या एका तरुण आयोजकाचा फोन आला. जुन्या धर्तीच्या रॉक गाण्यांची एक संध्याकाळ करायची होती त्याला. त्यानं आमचा व्हिडिओ पाहिला होता. मी सवयीनं विचारलं, "आरती पायजे का? घोडा हाय का तिथे?" तो गोंधळला. "नाही सर, मला ग्लॅम मेटलच हवंय. फुल ड्रेस, फुल मेकअप, आणि ते केस." 'ग्लॅम मेटल' हा शब्द समोरच्या माणसानं आधी उच्चारलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. फोन ठेवून मी बराच वेळ भोंग्यांच्या ढिगावर बसून राहिलो. निखिलनं पोस्टर केलं, त्यात माझा चेहरा अंगठ्याएवढा आणि बाकी सगळे केसच केस. महेंद्रनं ते लोधीखेड्यात लावलं, बबलूनं पांढुर्ण्याच्या स्टेशनरोडवर.

आणि बाबूजी गेले. सकाळी चहा घेतला, माझी बट हातात होती, ती सुटली. मला वाटलं झोपले.

आमच्याकडे बाप गेला की मुलगा दहाव्याला नदीवर केस देतो. मुलगा मी एकटाच. दहावा आणि नागपूरचा कार्यक्रम यांच्यात जेमतेम दोन-चार दिवस. आता मला सगळ्यांशी भांडावं लागणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. भावकी काय म्हणेल, काकाजी काय म्हणतील, याची उत्तरं मी पाठ केली होती. पण झालं भलतंच.

काकाजी, म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ, ज्यांनी माझ्या केसांवरून माझ्याशी दहा दिवाळ्या बोलणं टाकलं होतं, ते जवळ येऊन म्हणाले, "गज्जू, पोस्टर पाह्यलं. नागपूरचा प्रोग्राम हाय म्हनते. तू पाच बटा दे फक्त. चालते आजकाल."

"काकाजी, तुम्हीच तर म्हनत होते..."

"ते येगळं होतं बे. आता गावाचं नाव हाय."

मग जो भेटेल तो तेच. ज्या वर्गमित्राने खडी गंमतीत घातलं होतं, तो म्हणाला कापू नको. शेजारची ती सून, आता तिलाच सून आलीय, तीही म्हणाली कापू नका भाऊजी. सामान घ्यायला येणारे, सांत्वनाला येणारे, सगळे. तीस वर्षं ज्यांनी मला रस्त्यात अडवून "काप" म्हटलं, ते आता रस्त्यात अडवून "कापू नको" म्हणत होते. मला इतका संताप आला की बाप गेल्याचं दुःखही नीट करता येईना. निखिलचा फोन, "सर, माफ करा, या वेळी विचारू नये, पण केस...?" माय तेवढी यात पडली नाही. ती ओसरीवरच्या रिकाम्या खाटेकडे पाहत बसली होती.

दहाव्याला जाम नदीवर गेलो. दामूजी न्हावी वस्तरा घेऊन बसले होते. बाबूजींचे दोस्त. माझ्या लहानपणापासून मला पाहून वस्तरा दाखवायचे आणि "तू एक दिवस येशीन" म्हणायचे. मी त्यांच्यासमोर बसलो, वेणी सोडली. त्यांनी केस हातात घेतले आणि वस्तरा खाली ठेवला.

"काय झालं?"

"माहा हात नाई होऊन राहिला बावा," दामूजी म्हणाले. "पाच बटा देतो काढून. गुरुजी, चालते ना?"

गुरुजी म्हणाले, चालते. काकाजी म्हणाले, चालते. नदीवरचे सगळे म्हणाले, चालते.

"अरे, तुमचं सगळ्यायचं काय हाय ते एकदा ठरवा ना!" मी ओरडलो. पोटातून नाही, घशातून, साधं ओरडलो, आणि आवाज फाटला. "पूर्ण काढा. सगळे."

लोक म्हणतात मी पश्चात्तापानं केस दिले. तसं नाही. बाबूजी जिवंत असते तर मी आजही दिले नसते, आणि ते आजही "काप" म्हणाले असते. पण वाद दोघांचा होता. त्यातला एक जण उठून गेला, आता एकट्यानं जिंकून काय करू? आणि ज्या माणसाला मला ओळखायला ते केस लागत होते तो नाही. बाकीच्यांनी मला तसंही कधी ओळखलं नाही. दामूजींनी वस्तरा फिरवला. ते रडत होते, त्यामुळे दोन ठिकाणी कापलं.

नागपूरला बबलूनं आपल्या परीनं इलाज केला. ओळखीच्या खडी गंमतवाल्याकडून नाच्याचा टोप आणला. लांब केसांचा, डांबरगोळ्यांचा वास मारणारा, आणि मधोमध भांग पाडलेला. निखिलनं तो पाहून डोळे मिटून घेतले, पण "काहीतरी असू द्या सर" म्हणाला. तर शेवटी वर्गमित्राचंच खरं होणार होतं. स्टेजमागच्या खोलीत आरशाला चारी बाजूंनी दिवे होते. असा आरसा मला आयुष्यात मिळाला नव्हता. टोप खुर्चीवर ठेवून मी आधी तोंड रंगवायला घेतलं. काजळाची काडी उचलली आणि आरशात पाहिलं.

आरशात बाबूजी होते. तेच डोकं, कानांच्या वर दबलेलं, तेच कपाळ, तोंडात खिळे धरल्यासारखे मिटलेले ओठ. केसांच्या आड हा चेहरा माझ्याकडे इतकी वर्षं होता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. तेच चिडलेलं तोंड करून ते माझ्याकडे पाहत होते, आणि या वेळी त्यांना दिसत होतं.

"बाबूजी, हलू नका," मी म्हणालो. "काजळ पसरते."

एका डोळ्यात घातलं, मग दुसऱ्या. ओठांना लाली लावली. त्यांना अजिबात आवडलं नसतं, हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बबलू टोप घेऊन मागे येऊन उभा राहिला, आरशात पाहिलं, आणि टोप पिशवीत टाकला.

आमचं पहिलं गाणं नेहमीचंच होतं, 'सांग तुह्या बापाले, मी येऊन राहिलो'. मी तसाच गेलो. लोक टकलाकडे पाहत होते, मग मी किंचाळी सोडली आणि शिट्ट्या सुरू झाल्या. गिटारच्या तुकड्यात सवयीनं मान फिरवली. फिरवायला काही नव्हतं, नुसता वारा लागला. नंतर काही पोरं भेटायला आली आणि ही नवीन फॅशन कुठल्या सलूनमध्ये केली म्हणून विचारू लागली. मी जाम नदीवर म्हटलं. त्यांनी मोबाईलवर ते सलून शोधायला घेतलं.

केस आता बोटभर आले आहेत. गावातले लोक पुन्हा विचारू लागलेत, "आता वाढवून राहिला का परत? काप ना बे." ठीक आहे. माझी एकच पंचाईत झाली आहे. बाबूजींनी माझा एकही कार्यक्रम कधी पाहिला नाही, हे मी इतकी वर्षं भेटेल त्याला रागारागानं सांगत आलो. आता तेही सांगता येत नाही. नागपूरला ते पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत होते, आणि लालीही त्यांनी पुसली नाही.